बिरूचा बाण

आमच्या घरात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन: ‘नंदूचं होऊ दे आधी.’ नंदू म्हणजे मी. बंबातलं पाणी तापलं की आई म्हणायची, नंदूचं होऊ दे आधी. तव्यावरून पहिली भाकरी उतरली की अण्णा, म्हणजे माझे वडील, आपलं ताट बाजूला सरकवून तेच म्हणायचे. मी एकुलता एक, त्यात लहानपणी टायफॉइडमधून कसाबसा उठलेला. त्यामुळे सगळं घर माझ्या चालीनं चालायचं, आणि माझी चाल म्हणजे काय सांगावी! अर्धी भाकरी संपवायला मला इतका वेळ लागायचा की आमटीवर साय धरायची. अण्णा शाळेत क्लार्क होते, त्यांना वेळेवर सही करायला पोचायचं असे. पण मला बरोबर घेतल्याशिवाय ते निघायचे नाहीत. बोळात सायकल धरून उभे राहायचे आणि मी आत बुटाची लेस तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधत बसलेलो असायचो. आज माझ्या हाताखालची पोरं तिरंदाजीच्या सरावाला जरा उशिरा आली की मी त्यांच्यावर खेकसतो. अण्णा असते तर त्यांना हसू आवरलं नसतं.

घर म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या बोळात दोन खोल्या. दोन्ही अंगांना यंत्रमाग, त्यांची खटाखट भिंतीतून थेट उशीत यायची. बोळात तेलुगू, घरात मराठी, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याशी दखनी. तिन्ही भाषांत मला ‘सावकाश खेळ रे’ एवढं तरी कळायचं. मागांना सुट्टी असली की शांततेनं आईची झोप मोडायची. ‘काय झालं, काय झालं’ करत ती उठून बसायची. त्या खटाखटीत माझा बंब, माझी भाकरी, माझा अभ्यास सगळं निवांत चालू असायचं, आणि त्या घरात आठवीच्या वर्षी बिरू आला.

बिरू सांगोल्याच्याही पुढचा, धनगराचा. आमच्या शाळेच्या मागच्या मैदानात एक सर आम्हा पोरांना बांबूच्या धनुष्यावर शिकवायचे. त्यांनी तालुक्याच्या कुठल्याशा स्पर्धेत या पोराला पाहिलं आणि उचलून सोलापूरला आणलं. वसतिगृहाचं जेवण त्याला सोसेना. तेव्हा सर अण्णांना म्हणाले, चार महिने ठेवून घ्या, मग बघू. राहिला तो कॉलेज संपेपर्यंत. त्याला पोचवायला त्याचे वडील आले होते, लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात हुलग्यांची पिशवी. दारातच उभे राहून ते आईला म्हणाले, ‘पोरगं खायाला जड न्हाय, वहिनी. पर दूध लागतंय बगा त्येला.’ आई हसली आणि त्या दिवसापासून तिनं त्याच्या दुधाचा पेला कधी चुकवला नाही. एवढं एक मी आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की आमच्या घरात त्याचे हाल झाले.

पहिल्या दिवशी आईनं तीन ताटं मांडली. अण्णांचं, माझं आणि त्याचं. बिरू बसेना. अण्णांनी दोनतीनदा म्हटलं, तसा तो चौकटीला टेकून नुसता हसत राहिला आणि म्हणाला, ‘मी काकींसंगं बसतो की.’ मग तीच रीत पडली. आधी अण्णा आणि मी, मागाहून आई आणि बिरू. आमचं झालं की मी बाहेर बाजेवर पडायचो. आतून त्या दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा, बिरू गावच्या कुठल्यातरी बकऱ्याची नक्कल करत असायचा. शेंगाच्या आमटीचा वरचा दाट भाग आमच्या ताटात येऊन गेलेला असायचा, त्यांच्या वाट्याला तळाचं पातळ. कडक भाकरीचे तुकडे, चटणीचा डबा खरवडून निघेल तेवढी. बंबातलं पाणी माझ्यानंतर कोमट उरायचं, त्यात बिरूची अंघोळ. ‘मला गारच बरं,’ तो म्हणायचा. मी ते खरं मानलं. मानायला सोपं होतं. एकदा थंडीत तो अंघोळ करून आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, आणि मी आरशासमोर भांग पाडत ‘गारठलास का रे?’ असं विचारून उत्तर ऐकायला थांबलोसुद्धा नाही.

धनुष्याचंही तसंच. बांबूवरून आम्ही दोघंही कंपाउंडवर आलो. कंपाउंड म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य. दोर ओढताना जीव जातो, पण पुरता मागे आला की चाकं वळतात आणि हातावरचा भार एकदम हलका होतो. मग डोळ्यासमोरच्या भिंगातून नेम धरून बराच वेळ उभं राहता येतं. माझ्यासारख्या रेंगाळणाऱ्याची चैनच. माझं धनुष्य अण्णांनी नवं घेतलं, माझ्या हाताच्या मापाचं. बिरूचं क्लबचं, आधी आणखी दोघातिघांनी वापरलेलं, त्याच्या हाताला थोडं लांबच. त्यानं तक्रार केली नाही, मान जराशी कलती ठेवून मारायला शिकला. त्याची ती कलती मान अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आम्ही दोघं जिल्ह्यातून राज्यात, राज्यातून देशाच्या संघात कसे गेलो ते इथे सांगत बसत नाही. ते माझ्या सत्काराच्या पत्रिकांवर पुष्कळ छापून झालं आहे. संघात तिसरा होता गुरमीत, पंजाबचा, दांडगा आणि घाईचा. सांघिक सामन्यात प्रत्येक फेरीला संघाचे सहा बाण, प्रत्येकाचे दोन, आणि तिघांना मिळून दोन मिनिटं. रेषेवर एका वेळी एकच जण, बाकीचे दोघं मागे. पण ती दोन मिनिटं कुणी वाटून दिलेली नसतात. पहिल्यानं किती घ्यायची, दुसऱ्यानं किती, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. शाळेतले तेच सर आता संघाबरोबर होते, त्यांनी क्रम लावला: गुरमीत पहिला, मी मधे, बिरू शेवटी. गुरमीत धडाधड मारून मोकळा व्हायचा, मी माझ्या चालीनं, आणि उरेल त्यात बिरू. त्याला उरलेला वेळ पुरायचा. कायम पुरायचा. सर मात्र मला ओरडायचे, ‘नंदू, ते घड्याळ तुझ्या बापाचं नाही!’ यावर बिरू मागून म्हणायचा, ‘असू द्या की सर. नंदूचं होऊ द्या.’ आमच्या घरातलं वाक्य त्यानं तिथवर नेलं होतं. आम्ही सगळे हसायचो.

एकदा सरांनी त्याला विचारलं होतं, शेवटी मारायला भीती वाटत नाही का, क्रम बदलू का? मैदानाच्या कडेला भत्ता खात बसलो होतो, चुरमुऱ्यांत शेंगदाणे आणि कांदा. बिरू म्हणाला, ‘न्हाय बदलायचा. मेंढरं चालली की पुढं कुणीबी चालतंय, सर, बारकं पोरगंबी चालतंय. मागं मातर खरा गडी लागतो. लंगडं, व्यालेलं, भ्यालेलं सगळं मागंच पडतंय. कच्चा गडी मागं ठिवत न्हाईत आमच्यात.’ सर खूश झाले. मी त्या वेळी पुड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होतो. ऐकलं आणि सोडून दिलं.

ती जागतिक स्पर्धा परदेशात, एका थंड गावी होती. आम्ही सोलापूरच्या उन्हात वाढलेलो, त्या गारठ्यात बोटं वाकेनात. बिरू मात्र मजेत होता. उतरलो तिथल्या न्हाणीघरात गरम पाणी कितीही यायचं. तो शॉवरखाली इतका वेळ उभा राहिला की गुरमीतनं दार वाजवलं. बाहेर आला तो लालबुंद होऊन, आणि म्हणाला, ‘लई भारी हाय रे हे!’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की याला गार पाणी कधीच आवडत नव्हतं. मी हे त्याला बोललो नाही. आईनं दिलेली शेंगाचटणी काढली आणि तिघांनी पावाबरोबर खाल्ली, त्याही वेळी मीच डबा आधी उघडला.

आम्ही उपांत्य फेरीत हरलो आणि ब्राँझच्या सामन्याला उभे राहिलो. आमच्यापैकी कुणीही तोवर एवढ्या वर गेलं नव्हतं. समोरचा संघ कोणता होता हे सांगण्यात अर्थ नाही, चांगला होता. पहिल्या तीन फेऱ्या आम्ही बरोबरीनं रेटल्या. शेवटच्या फेरीत त्यांचे सहा बाण आधी झाले, आणि आमचं गणित फळ्यावर स्पष्ट होतं. गुरमीतनं जाऊन दोन दहा मारले, इतक्या झटपट की लोकांना टाळ्या वाजवायला सवड मिळाली नाही. मी रेषेवर आलो. पहिला नऊ. दुसऱ्याला दोर ओढला, भिंगात पिवळं वर्तुळ आलं, आणि लक्ष्याच्या डोक्यावरचं छोटं निशाण फडफडलं. मी थांबलो. वारा पडेल म्हणून थांबलो, मग पडला म्हणून खात्री करायला थांबलो. हात भरून आला तेव्हा बाण न सोडता दोर उतरवला, श्वास घेतला, आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. नियमात यात काही चूक नाही. घड्याळ तेवढं चालू असतं. मी पुन्हा ओढला, पुन्हा थांबलो, सोडला. दहा!

मी हसत मागे वळलो. हे लिहिताना अजून कानाची पाळी गरम होते. मी हसत मागे वळलो आणि बिरू माझ्या शेजारून रेषेवर गेला. त्याच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. मी दुर्बिणीतून माझा दहा बघत होतो, अगदी मधे बसला होता. त्याचा पहिला बाण गेला, दहा. लगोलग दुसरा गेला. नऊ लागला असता तर पदक आमचं होतं, आठ लागला असता तर बरोबरी. लागला सात, लाल पट्ट्यात, उजवीकडे. फळ्यावरचे आकडे बदलले. पलीकडची तीन माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

खोलीवर गेल्यावर सरांनी विचारलं, काय झालं? बिरू म्हणाला, ‘माझा चुकला, सर.’ मी लगेच म्हणालो, नाही, माझ्यामुळे, मी सगळा वेळ खाल्ला. मी गप्प बसलो नाही, खरं सांगतो. त्या दिवशीही बोललो आणि नंतर तर बोलतच राहिलो. पण निवड करणाऱ्यांच्या समोर जो कागद होता त्यावर बाणाचे गुण होते, कुणी किती वेळ घेतला ते नव्हतं. बिरूबद्दल सगळीकडे एकच बोललं जाऊ लागलं, ऐनवेळी कच खातो. पुढच्या वर्षीच्या संघात तो नव्हता. त्याच्या जागी आलेल्या मुलाबरोबर आम्हाला पदक मिळालं, आणि त्या पदकावर मला खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी लागली. बिरू गावच्या जत्रेला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. क्लबचं धनुष्य जाण्याआधी पुसून, दोराला मेण लावून कपाटात ठेवलेलं होतं. आई कितीतरी दिवस जेवायला बसायची तेव्हा समोरची जागा मोकळी सोडायची. एकटीनं तिला जेवण जायचं नाही. मग अण्णा आणि मी तिच्यासाठी थांबू लागलो. इतक्या वर्षांत आम्हाला ते सुचलं नव्हतं.

नोकरी लागल्यावर सत्कार सुरू झाले, आणि दर सत्कारात मी त्या सामन्याची गोष्ट सांगू लागलो. मित्रानं मला वेळ दिला आणि मी त्याचा वेळ खाल्ला, तो बाण त्याचा नव्हता, माझा होता. लोक टाळ्या वाजवायचे, बायका डोळे पुसायच्या, मुख्याध्यापक म्हणायचे, केवढं मोठं मन! सुरुवातीला मी सांगायचो, बिरूसाठी जेमतेम दहा सेकंद उरले होते. पुढे ते पाच झाले. अलीकडे तीनवर आलो होतो. खरं म्हणजे किती उरले होते ते मला ठाऊकच नाही. घड्याळाकडे बघायला मी मोकळा कुठे होतो, मी माझा दहा बघत होतो.

गेल्या उन्हाळ्यात बिरूचा फोन आला. मधल्या काळात लग्नकार्यात भेटी झाल्या होत्या, आईच्या दिवसांना तो मेंढरं सोडून आला होता आणि सगळ्यांत मागे बसून ढसाढसा रडला होता. पण फोन करून ‘ये’ असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. मी गेलो. घर पक्कं बांधलंय, मागे डाळिंबाची बाग, वाड्यात मेंढरं. पोरगी सारिका बारावीला. बिरूचे केस पांढरे झालेत, मान मात्र अजून जराशी कलती. जेवायची वेळ झाली, त्याच्या बायकोनं आम्हा दोघांची ताटं मांडली. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी हट्टच धरला की मी आत्ता बसणार नाही, वहिनींच्या बरोबर मागाहून बसेन. ती बिचारी पदर सावरत अवघडून उभी. सारिका तोंडावर हात धरून हसतेय. बिरूनं थोडा वेळ हे नाटक पाहिलं आणि म्हणाला, ‘बस की गपगुमान. तिला का तरास देतूस?’ मी बसलो. घास लहान होत गेले.

जेवण झाल्यावर आम्ही वाड्याच्या कडेला लिंबाखाली येऊन बसलो. सारिकानं तिचा मोबाइल आणून दिला. त्यात माझं भाषण होतं, कुठल्याशा शाळेतलं, कुणीतरी टाकलेलं. तीन सेकंदांवालं. बिरूनं ते शेवटपर्यंत चालू दिलं, टाळ्यांसकट, आणि मग मोबाइल मांडीवर उपडा ठेवला.

‘तीन सेकंद कुणी सांगितलं तुला?’ त्यानं विचारलं.

मी जे इतक्या व्यासपीठांवर बोललो होतो ते त्याच्या तोंडावर बोलायला गेलो, की बिरू, माझ्यामुळेच तुझं…

‘वेळ हुता,’ तो म्हणाला. ‘घड्याळ मी बगितलं हुतं. तू बगितलंस?’

‘नाही.’

‘मग? तुजं हुईस्तोवर मी मागं हुबा राहून वाराच बगत हुतो. डावीकडनं येतुया हे कळलं हुतं मला. तरीबी म्हनलं बसंल, आन् सोडला. न्हाय बसला. संपलं.’

मला वाटलं, हा पुन्हा मला आधी वाढतोय. ताटातलं चांगलं माझ्याकडे सरकवतोय. मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा बिरू चिडला. इतकी वर्षं एका घरात काढली, पण त्याला चिडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

‘गार पाणी घेतलं, ते तुझ्यासाटी. कबूल. मागनं जेवलो ते काकींसाटी, तुझ्यासाटी न्हाय. ती एकली जेवायची, मला बगवायचं न्हाय. पर मागं हुबा राहिलो ते माझ्यासाटी. मागचा गडी मी हुतो, नंदू. दहा लागलं तवाबी मीच, सात लागला तवाबी मीच. तू गावोगाव जाऊन सांगतूस, त्यो बाण बिरूचा न्हवताच. म्हंजी मी तितं कोन हुतो रं? तुजं उरलेलं उचलणारा?’

मेंढरं वाड्यात खाकरत होती.

‘माझी पोरगी बगती हे,’ तो आवाज खाली आणून म्हणाला. ‘बाकीचं र्‍हाऊ दे. त्यो एक बाण तेवढा माझा मला परत दे.’

निघताना त्यानं गाडीत डाळिंबाचं खोकं ठेवलं. सांगोल्यापासून सोलापूरपर्यंत मी रेडिओ लावला नाही. त्या दिवसापासून भाषणात ती गोष्ट सांगायची मी बंद केली आहे, आणि सांगायला दुसरं माझ्याकडे फारसं काही नाही असं लक्षात आल्यामुळे भाषणंही कमी झाली आहेत. अपराधी वाटायचं थांबलं का, तर नाही. कोमट पाणी माझ्याकडेच आहे, आमटीचा दाट भाग माझ्याकडेच आहे, आणि हसत मागे वळलो तेही. आई एकटी जेवायची हे मुलगा असून मला दिसलं नाही आणि त्याला पहिल्याच दिवशी दिसलं, हे तर आता नवंच येऊन बसलं आहे. ते सगळं मी ठेवून घेतो. पण माझ्या पुस्तकातलं हे प्रकरण छापून झालं की पहिली प्रत सारिकाला जाणार आहे, म्हणून ती फेरी इथे जशी झाली तशी लिहून ठेवतो.

गुरमीतचे दोन्ही दहा. माझा एक नऊ, एक दहा. बिरूचा पहिला दहा. शेवटचा बाण बिरूनं मारला. वेळ होता. सात लागला.